मोहरील काकांचे मासे

मोहरील काकांनी आयुष्यात एकदाही मासा खाल्ला नव्हता, आणि मी त्यांना ओळखत होते तोवर माशाखेरीज दुसरं कसलंही चित्र काढलं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदत होत्या ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल अशी आशा आहे. नाही कळलं, तर निदान ते कसे होते एवढं तरी सांगून होईल.

ते माझे क्लासमेट होते. हे सांगितलं की लोक हसतात, कारण मी तेव्हा नुकतीच कॉलेजात गेलेली आणि ते नोकरीतून निवृत्त झालेले. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीजवळच्या आमच्या कॉलेजात जागा रिकामी असली तर ज्येष्ठ नागरिकांना वर्गात बसू देतात. बहुतेक आजी-आजोबा स्पॅनिश घेतात, नाहीतर इतिहास. काका प्रिंटमेकिंगला, म्हणजे लाकडावर चित्र कोरून त्याचे कागदावर ठसे घ्यायच्या वर्गाला, येऊन बसले. मीसुद्धा तिथे चुकूनच पोचले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. कुठला विषय कशासाठी घ्यायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. आर्टचा एक कोर्स करावाच लागतो असं कळलं, आणि माझी शुक्रवारची सकाळ मोकळी होती. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "लाकूड कोरायचा क्लास? ते तर तुझ्या आजोबांनी फुकट शिकवलं असतं."

पहिल्या दिवशी प्रोफेसर डोनांनी हजेरी घेताना माझं आडनाव "पॅरॅब" असं वाचलं. माझ्या मागून शुद्ध मराठीत आवाज आला, "परब. म्हणजे कोकणातली. म्हणजे मासे खात असशील."

मी वळून पाहिलं. बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर, दोरीला अडकवलेला चष्मा, आणि वर्ग सुरू व्हायच्या आधीच बांधलेला एप्रन. एप्रनवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'ग्रिलचा राजा' असं लिहिलेलं होतं. कुणीतरी सेलमध्ये घेऊन भेट दिलेला असावा.

"हो, खाते," मी म्हणाले.

"रोज?"

"मिळाले की."

"बेस्ट झालं," असं म्हणून त्यांनी आपली पिशवी उचलली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, मराठी माणूस भेटला म्हणून खूश झाले. तसं नव्हतं. त्यांना परीक्षक हवा होता.

काका नागपूरचे, महालातले. देशाच्या अगदी मधोमध वाढलेला माणूस. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेले तेव्हा, तोही बसच्या खिडकीतून आणि उभ्यानं. घरात अंडंसुद्धा येत नसे. पुढे कंपन्यांचे डेटाबेस सांभाळायचं काम करत ते अमेरिकेत आले. मधे एकदा कंपनीनं त्यांना आठवडाभर टोकियोला पाठवलं आणि तिथे त्यांचे फार हाल झाले. जे मागवावं त्यात मासा. सूपमध्ये मासा, भातावर मासा, काहीच नाही म्हणून चिप्सचं पाकीट घेतलं तर त्यातही मासा. केळी आणि कोरडा भात खाऊन दिवस काढत असताना एका संध्याकाळी भुकेवरून लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून ते एका म्युझियममध्ये शिरले. समोर भिंतभर जुने लाकडी ठशांचे मासे.

"आठवडाभर ज्यानं छळलं तो समोर उभा होता," काका सांगत, "आणि त्याला वास नव्हता! तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. अरे बापा, काय देखणा होता!"

त्या ठशांची पुस्तकं त्यांच्या पिशवीत कायम असत. पुस्तक उघडून ते एकेका माशाची ओळख करून देत, ती लग्नात नातेवाइकांची करून द्यावी तशी. लालबुंद, रुंद कपाळाचा मासा म्हणजे "आमचे मोठे मामा, पेन्शनीत निघाले त्या दिवशी." पंख पसरलेला उडणारा मासा म्हणजे "होस्टेलचा पोरगा, मेसचं बिल न देता पळून राहिला." खालचा ओठ पुढे काढलेला एक होता, तो "रुसलेला जावई, अंगठी लहान झाली." मी हसले की त्यांना आणखी चेव येई. प्रोफेसर डोना लांबून विचारत, "सगळं ठीक ना तिकडे?" आणि काका अत्यंत गंभीरपणे उत्तर देत, "फॅमिली डिस्कशन."

पण कोरायला बसले की गप्प. आधी लाकडाच्या ठोकळ्याला दोन बोटं लावून ती कपाळाला लावत, आपण पुस्तकाला पाय लागल्यावर करतो तसं. मग कोरणी उचलत. त्यांचं एक वाक्य वर्गातल्या अमेरिकन मुलांनाही पाठ झालं होतं. कुणाच्या हातून नको तिथला तुकडा उडाला की काका मान हलवून म्हणत, "लाकडाला अन्डू नसतं." त्यातला 'अन्डू' एवढाच शब्द मुलांना कळे, पण तेवढा पुरे होता.

आणि ठसा उमटला की परीक्षा. ओला कागद माझ्यासमोर धरून ते विचारत, "पाणी सुटलं का?"

"छान आहे काका."

"छान आहे का, ते नाही विचारलं. तोंडाला पाणी सुटलं का?"

मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी उगाच कागदाच्या कडा बघत बसे. मग तेच म्हणत, "नाही सुटलं. बरं, काय चुकलं?"

"जरा... बशीसारखा वाटतो. कडक."

"बशीसारखा!" ते मुळीच रागावत नसत. तो शब्द जिभेवर घोळवत नवा कागद घेत. एकदा मी म्हटलं, प्रोफेसरना तर फार आवडलाय हा मासा. त्यावर त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "बाई व्हेगन आहे. तिचं मत धरता येत नाही."

मला तेव्हा हा सगळा गमतीचा भाग वाटायचा. एकदा धीर करून विचारलं, की काका, तुम्ही खात नाही, खाणार नाही, मग पाणी कशाला सुटायला हवं? ते कोरणी पुसत होते. म्हणाले, "असं समज, मी बहिरा आहे आणि पेटी वाजवून राहिलो. लोक म्हणतात, वा, बोटं काय छान फिरतात. ते काय कामाचं? ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलली पाहिजे. एकदाच. एका खाणाऱ्या माणसाला माझा मासा बघून भूक लागली पाहिजे. मग मी कोरणी ठेवून देतो."

त्या सेमिस्टरला आमचा वर्ग एका युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये खरे जुने ठसे बघायला गेला. मी काकांच्या गाडीतून गेले. तिथे पेन न्यायचं नाही, हात लावायचा नाही. काका शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे. तिथल्या बाईंनी पेटीतून एक ठसा काढून टेबलावर ठेवला आणि कागद किंचित तिरका केला. माशाच्या अंगावरची अभ्रकाची पूड चमकली. काका इतके पुढे वाकले की बाई म्हणाल्या, "सर, प्लीज, तुमचा श्वास." त्यावर ते मागे झाले नाहीत. त्यांनी श्वास धरला. पुन्हा तिरका करा अशी बोटानं खूण केली. पुन्हा. चेहरा त्या लालबुंद मामांसारखा व्हायला लागला तेव्हा मीच त्यांचा स्वेटर ओढला.

परतताना मी सहज बोलून गेले, "प्रत्येक माशाशेजारी मसाला ठेवलाय ते मला आवडलं."

"कसला मसाला?"

"ते बाजूला होतं ना, आल्याचा कोंब."

"फूल असेल ते. डेकोरेशन."

"आलंच होतं काका. आणि दुसऱ्याजवळ वांगं."

"वांगं कुठं नसतं? वांग्यानं काय पाप केलं?" ते म्हणाले, पण गाडी हळू झाली. दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या हायवेवर आमच्या मागचे ट्रक हॉर्न द्यायला लागले. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे तो... गेलेला आहे?"

"काका, पांढऱ्या कागदावर आहे तो. पाणी कुठाय?"

"पाणी काढायचं नसतं," ते तुटकपणे म्हणाले, "समजून घ्यायचं असतं."

पुढच्या शुक्रवारी ते वाचून आले होते. ती पानं-फुलं-भाज्या ऋतू सांगतात, कुठला मासा कधी बघावा ते. "आणि कधी खावा तेही," त्यांनी प्रामाणिकपणे जोडलं. "म्हणजे दोघंही बरोबर. तू पोटानं बघते, मी पंचांगानं." वाद तिथेच मिटला.

मात्र त्यानंतर त्यांना वाटायला लागलं की फोटो बघून काढलेल्या माशात काही राम नाही. रूट फॉर्टी-सिक्सवर एक मोठं एशियन सुपरमार्केट आहे, तिथल्या फिश काउंटरवर ते जायला लागले. नाकाला अत्तराचा रुमाल. काउंटरवर नंबराची चिठ्ठी घ्यावी लागते. काका चिठ्ठी घेत, बर्फावरच्या माशांचं स्केच करत, आणि आपला नंबर आला की तो मागच्या बाईला देऊन नवा घेत. बायकांना वाटे, काय सज्जन गृहस्थ आहे. काउंटरवरच्या माणसाला तसं वाटेना. एका शनिवारी त्यानं सुरी खाली ठेवून सांगितलं, "सर. टुडे, यू बाय."

काकांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी समोरच्या माशाकडे बोट केलं. "हेड ऑन ऑर ऑफ?" असं विचारल्यावर ते इतके दचकले की दोन्ही हात मानेशी नेऊन ओरडले, "ऑन! ऑन!"

थोड्या वेळानं मला फोन आला. "परब, खाली ये. गाडीत एक पाहुणा आहे."

खाली गेले तर कडाक्याच्या थंडीत गाडीच्या चारही काचा उघड्या, आणि शेजारच्या सीटवर बेल्ट लावून बसवलेली एक पांढरी पिशवी. माझ्यामागून खाली आलेल्या आईनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ताजा आहे हो. आता जेवूनच जा." मग तिच्या लक्षात आलं. "अगं बाई! तुम्हाला कसं चालणार?"

"चालतंय वहिनी. मला वरण-भात द्या. मी बघायला बसतो."

आईनं वेगळ्या पातेल्यात वरण लावलं, वेगळ्या तव्यावर बटाट्याच्या काचऱ्या केल्या. आमचं टेबल लहान. एका बाजूला काका आणि त्यांचा वरण-भात, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं आणि तळलेला मासा. काका घास हातात धरून बाबांकडे एकटक बघत होते. बाबांनी मधला काटा एका ओढीत काढला तेव्हा त्यांच्या तोंडून "वा!" निघालं. बाबा दिवसभर वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. त्यांना वा म्हणणारं तिथे कुणी नसतं. ते लाजले, आणि दुसरा काटाही तसाच काढायला गेले, तर तो मोडला.

"वहिनी, सगळ्यात आधी कुठला भाग खाता?"

"मी? गालाजवळचा," आई म्हणाली. "तो मी कुणाला देत नाही."

"लहानसाच असतो?"

"म्हणून तर देत नाही."

काका विचारात पडले. पुढचे कित्येक आठवडे त्यांच्या सगळ्या माशांना गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं.

एक गोष्ट मी खरं तर आधीच सांगायला हवी होती. काकांचा उजवा हात थरथरायचा. सुरुवातीला मला ते कळलंच नाही, कारण त्यांच्याकडे बघताना हाताकडे लक्ष जायचंच नाही. विचारलं तर म्हणायचे, "हात व्हायब्रेटवर ठेवलाय. फोन कोणाचा येऊन राहिला ते अजून कळलं नाही." कोरणी लाकडावर टेकली की हात थांबायचा. तेवढा टेकू त्याला पुरायचा. दुसरं सेमिस्टर लागलं, वर्ग संपून काका घरच्या गॅरेजमध्ये कोरायला लागले, तेव्हा मात्र टेकल्यावरही तो थांबेनासा झाला. डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की उन्हाळा लागायच्या आत धारदार हत्यारं कायमची बंद करा.

शैलाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, पुण्याच्या. त्यांना माशाचं चित्रही डायनिंग टेबलवर चालत नसे. "अहो, तुमचं ते प्रकरण उचला, मला पोळ्या लाटायच्यात," असं रोजचं चाले. डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्या सुऱ्या लपवल्या. कोरण्या मात्र गॅरेजमध्ये होत्या, तशाच राहू दिल्या. मला म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत म्हणाले ना डॉक्टर. अजून उन्हाळा नाही झालेला."

म्हणजे एकच मासा उरला होता. गावच्या लायब्ररीत जूनमध्ये स्थानिक कलाकारांचं प्रदर्शन असतं. काकांनी त्यासाठी फ्ल्यूक निवडला. आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात लोक जो सपाट मासा गळाला लावायला जातात, तो. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात.

"जन्मतो तेव्हा नॉर्मल असतो," काका मला समजावत होते. "मग एका कुशीवर झोपायचं ठरवतो. खालचा डोळा वाळूत जाणार, तर तो डोळा सरकत सरकत वर येतो! मालकानं ठरवलं आणि अवयवानं ऐकलं. असं कुठं पाहिलंस?" आणि आपल्या उजव्या हाताकडे बघून म्हणाले, "नाहीतर हे आमचे चिरंजीव."

आता कामाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चित्र आधी पातळ कागदावर काढतात आणि तो कागद ठोकळ्यावर पालथा चिकटवतात. चित्र पाठीकडून दिसतं तसं कोरायचं, म्हणजे ठसा घेताना ते पुन्हा सुलट येतं. पण पालथ्या कागदातून रेघा पुसट दिसतात. काकांना हात सांभाळायचा आणि डोळेही ताणायचे, हे दोन्ही जमेना. म्हणून गॅरेजमध्ये काम करायला लागल्यापासून ते कागद सरळ उताणाच चिकटवत. चित्र उलट येणार हे त्यांना ठाऊक होतं. "मासाच तर आहे," ते म्हणत. "इकडून काय, तिकडून काय." आणि ते खरंही होतं. मामांनी डावीकडे बघितलं काय नि उजवीकडे, मामाच राहतात.

फ्ल्यूकला त्यांनी चार ठोकळे कोरले. एक रेघांचा, एक अंगाच्या रंगाचा, एक ठिपक्यांचा, एक वाळूचा. रोज थोडंथोडं, हात जेवढं देईल तेवढं. कधी माशाचा एक पर कोरून व्हायचा, कधी तोही नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी मला ठसा घ्यायला सुरुवात करतोय म्हणून बोलावलं. चारही ठोकळे एकावर एक, रंग जरासाही न सरकता बसले. बांबूच्या पानात गुंडाळलेल्या गोल चकतीनं ते दोन्ही हातांचा जोर लावून कागद घासत होते. शेवटचा थर झाल्यावर त्यांनी कागद सोलून वर उचलला.

मासा उत्तम होता. गालही प्रमाणात होते. मी परीक्षेच्या प्रश्नाची वाट बघत होते, पण प्रश्न आला नाही. काकांनी भिंतीवरचा फोटो काढून ठशाशेजारी धरला.

"परब, हा कुठं बघून राहिला?"

"उजवीकडे."

"आणि फोटोतला?"

फ्ल्यूक डावीकडे बघतो. आमच्याकडे उजवीकडे बघणारा सपाट मासाही असतो, पण तो निराळा, त्याचं तोंड एवढंसं असतं. जपानात तर या दोन माशांना बाजूवरूनच ओळखतात, हे मला काकांनीच शिकवलं होतं. इथे तोंड एकाचं होतं आणि बाजू दुसऱ्याची.

"म्हणजे हा कुठला मासा झाला?" काकांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "कोणताच नाही. देवाच्या कॅटलॉगमध्ये नसलेला मासा काढला मी."

"काका, क्वचित एखादा उलटाही जन्मतो म्हणे. तसं सांगू की."

"प्रत्येकाशेजारी उभं राहून सांगत बसू? मासे धरणारा माणूस दारातूनच बघेल आणि हसून पुढे जाईल."

"मग परत कोरू या. अजून वेळ आहे."

काकांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. हात रंगानं माखलेला होता आणि हलत होता. मग त्यांनी तो ठसा गॅरेजच्या उघड्या दारात बांधलेल्या दोरीवर, मासा आत आमच्याकडे बघेल असा, चिमट्यांनी लावला आणि पाठ फिरवून स्टुलावर बसले. मी उगाचच ब्रश धुवायला घेतले. धुतलेलेच होते ते.

एवढ्यात काकू ग्रोसरी घेऊन आल्या. गाडीतून उतरून ड्राइव्हवेमधूनच त्यांचा आवाज आला, "अहो, आज बरा झालाय की मासा!"

"थट्टा करू नको शैला," काका आतून म्हणाले.

"थट्टा कसली? एरवी तुमचे मासे कसे खळ घालून इस्त्री केल्यासारखे असतात. हा बरा वाटतोय. वाळूत दडून बसल्यासारखा."

काका स्टुलावरून उठले. दोरीखालून वाकून बाहेर गेले. मीही गेले. काकू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ठशाच्या पाठीकडे बघत होत्या. कागद पातळ, रंग पाण्यातले, त्यामुळे सगळं मागे झिरपलं होतं. रेघा मऊ झाल्या होत्या, हात हलला तिथल्या खाचा विरघळल्या होत्या, ठिपके वाळूत मिसळले होते. आणि मासा डावीकडे बघत होता.

आम्ही दोघंही काकूंची वाट अडवून बघत राहिलो. शेवटी काकूच म्हणाल्या, "काय झालं? दूध फ्रीजमध्ये ठेवायचंय, सरका."

मला वाटलं, आता काका मला विचारतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा, पण मान हलवली. "तुला नाही विचारत. तू आता घरची झालीस. खोटं बोलशील."

फ्रेमच्या दुकानातल्या मुलीनं तो ठसा दोनदा उलटा बसवला. तिसऱ्यांदा फोन करून म्हणाली, "सर, तुम्ही म्हणताय ती मागची बाजू आहे." काका शांतपणे म्हणाले, "येस. बॅक इज फ्रंट."

लायब्ररीतल्या प्रदर्शनाच्या दिवशी काका आपल्या फ्रेमपासून लांब, पाण्याच्या नळाशी उभे होते. दुसऱ्या कुणीतरी काढलेलं कोठाराचं चित्र बघतोय असं दाखवत होते, पण डोळे मात्र त्या फ्ल्यूकच्या डोळ्यांसारखे एकाच बाजूला. लोक येत, "लव्हली" म्हणत आणि पुढे सरकत. प्रत्येक 'लव्हली'ला काकांचे खांदे थोडे खाली येत. इथल्या मराठी मंडळातले एक ओळखीचे गृहस्थ थबकले. "मोहरील, हे काय? तुम्ही मासे कधीपासून?"

"काढतो फक्त."

"तरीच. छान आहे हो, छान आहे."

"थँक्यू," काका म्हणाले, आणि मला हळूच, "हाही शाकाहारी."

दुपार उतरायला आली तेव्हा उन्हानं मान लाल झालेला एक दांडगा माणूस आला. टोपी उलटी घातलेली. बायकोला गोधड्या बघायच्या होत्या आणि ती त्याला दंडाला धरून नेत होती. फ्ल्यूकपाशी तो थांबला. पाटी वाचली नाही. फ्रेमकडे नुसतं बघितलं, वाकला, पुन्हा बघितलं.

"फ्ल्यूक," तो म्हणाला. जसं कुणी रस्त्यात शेजाऱ्याला हाक मारावी. मग बायकोकडे वळून, "हनी, किती वाजले? मला सपाटून भूक लागलीय."

"आत्ता तर खाल्लंस!"

"ते सँडविच होतं."

काकांनी माझं कोपर धरलं. त्यांची सगळी थरथर माझ्या हातात आली. "ऐकलं?" त्यांनी विचारलं. "तू पण ऐकलं ना? मला वाटत असेल नुसतं." मी म्हटलं, ऐकलं काका. मग त्यांनी कोपर सोडलं आणि ते सरळ त्या माणसाकडे चालत गेले. हा मासा मी काढला, असं काहीतरी सांगितलं असावं, कारण तो माणूस त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवायला लागला. दोघांपैकी कुणाचा हात किती हलत होता ते कळायला मार्ग नव्हता. लोण्यात तळतात, वर लिंबू, एवढं मला ऐकू आलं. काका मान डोलवत होते. "लेमन, ऑफ कोर्स," असंही म्हणाले.

त्या ऑगस्टमध्ये काका-काकू घर विकून दूर प्लेनो नावाच्या गावी मुलाकडे राहायला गेले. समुद्रापासून पुन्हा लांब. फोनवर बोलणं होतं. कोरण्या मुलानं कुठेतरी वर ठेवल्यात आणि त्याबद्दल आपली काही तक्रार नाही, असं ते सांगतात. बाबा अजून विचारतात, "ते वा म्हणणारे गृहस्थ कसे आहेत?"

पण मोहरील काका म्हटलं की मला फोनवरचे काका आठवत नाहीत. त्या दिवशी मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसची वाट बघत उभी होते. पार्किंगमध्ये त्या लाल मानेच्या माणसाच्या ट्रकचं मागचं फळकूट उघडलेलं होतं आणि तो बर्फाच्या मोठ्या पेटीचं झाकण वर करून धरत होता. सकाळीच धरलेला एक आहे, बघायचाय का, असं त्यानं विचारलं होतं. काका पेटीवर वाकले होते. नाकाला रुमाल नव्हता. पलीकडे गाडीत बसलेल्या काकूंनी काच खाली केली.

"अहो! त्याला हात लावलात तर साबणानं धुतल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, सांगून ठेवते!"

काकांनी मागे न बघताच एक हात 'थांब जरा' असा हलवला. दुसरा बर्फात होता.